आबांचं राहिलेलं अर्धं

आमच्या कार्यालयात माणसं दोनच कारणांनी येत. एक तर त्यांना परवाना हवा असायचा, नाहीतर दुसऱ्या कुणाचा तरी रद्द व्हायला हवा असायचा. खंडू आबा तिसऱ्याच कारणानं आले. ते वाचून घ्यायला आले.

तेव्हा शहराचं नाव जुनंच होतं. पुढं नाव बदललं, दारावरची पाटी बदलली, रबरी शिक्के बदलले. नळाला पाणी मात्र तेव्हाही आठवड्यानं यायचं आणि नंतरही आठवड्यानंच येत राहिलं. कारखान्यांच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात मी लघुलेखिका होते. मोठा कारखाना, खाण, वीज प्रकल्प असं काही उभं राहायचं असेल तर त्याआधी सरकारनं आसपासच्या लोकांचं म्हणणं ऐकायचं असतं, असा कायदा आहे. त्याला जनसुनावणी म्हणतात. गावात मांडव घालायचा, लोकांनी बोलायचं, मी लिहून घ्यायचं, त्याचं इतिवृत्त टाईप करायचं आणि दिल्लीला पाठवायचं. दिल्लीतली समिती ते वाचून निर्णय घेणार. निदान वाचते असं आम्ही धरून चालायचो. अशा किती सुनावण्या मी लिहिल्या ते मोजलेलं नाही. हात चांगला होता माझा, एक शब्द सुटत नसे. त्याचा मला अभिमानही होता. आता तो आठवला की स्वतःचीच चीड येते.

कन्नडच्या अलीकडं चिंचदरा नावाचं गाव आहे. तिथल्या गायरानावर कोळशाचा वीज प्रकल्प यायचा होता. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. इकडं शहर मात्र चारी अंगांनी सुजत चाललेलं, नव्या वसाहती, नवे कारखाने, आणि सगळ्यांना वीज हवी. प्रकल्पानं पर्यावरणाचं काय होईल याचा अहवाल कंपनीनं एका सल्लागार संस्थेकडून करून घेतला होता. त्याचे जाडजूड इंग्रजी खंड आणि एक पातळसा मराठी सारांश आमच्या कार्यालयात एका टेबलावर ठेवलेला असे. जनतेला वाचायला. जनता कधी आली नाही. पंखा त्या टेबलाच्या बरोब्बर वर असल्यामुळं एक वार्ताहर तेवढा अधूनमधून त्या खंडांवर डोकं टेकून झोपायचा.

एका सकाळी दाराबाहेर वहाणांची करकर थांबली. आमचे शिपाई रफिकभाई दारातच बसलेले असत. ते म्हणाले, "चचा, चप्पल अंदर लेके जाव. यहाँ से कोई भी ले जाता."

"सरकारात वहाणा घालून कसं जायाचं?" असं म्हणत एक उंच, वाळलेला म्हातारा आत आला. गुडघ्याच्या वर धोतर, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळं घोंगडं, हातात स्वतःपेक्षा उंच काठी. अंगाला मेंढरांचा वास. मी खुर्ची थोडी मागं सरकवली. मी काही मुंबई-पुण्याची नव्हे, कन्नड तालुक्यातल्याच शेतकऱ्याची मुलगी. तरी सरकवली. नोकरीनं माणसाचं नाक आधी बिघडतं.

"बाई, आमच्या गायरानाचा कागूद हितं हाय म्हनं. त्यात आमचं काय लिवलंय त्ये वाचून दावा."

"तुमचं म्हणजे कुणाचं?"

"आमचं. मेंढरावाल्यांचं."

वाचून दाखवणं माझ्या कामात बसत नव्हतं. पण साहेब मुंबईला गेलेले होते, आणि त्या टेबलाकडं पहिल्यांदाच कुणीतरी वाचायला म्हणून आलं होतं. मी सारांश काढला. आबा खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले, काठी आडवी मांडीवर घेतली, डोळे मिटले. मी वाचून संपवलं तर म्हणाले, "आता पुन्यांदा." दुसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्या वेळी मी कंटाळून एक ओळ गाळली, तशी डोळे न उघडता ते म्हणाले, "मदी येक ऱ्हायलं. तळ्याचं." आणि ती गाळलेली ओळ त्यांनी मला शब्द न् शब्द म्हणून दाखवली. अक्षर ओळखीचं नव्हतं या माणसाला.

तळ्याची ती ओळ अशी होती: पाझर तलाव कोरडा असून वापरात नाही. तिच्यावर आणखी दोन ओळी होत्या. जमीन पडीक आहे. प्रकल्पक्षेत्रात चराई आढळून आली नाही.

"कंच्या महिन्यात आले व्हते ह्ये लोक?"

मी बघून सांगितलं. फाल्गुन ते वैशाख.

आबा हसले. दात थोडेच होते, पण हसायचे मोकळं. "फाल्गुनात आमी हितं कुठं? दिवाळी झाली का मेंढरं घेऊन आमी खाली नदीकाठाला, गंगथडीला जातो. तिकडं शेतात मेंढरं बसवायची, खत द्यायचं, दाणं घ्यायचं. मिरग निघाला का माघारी. श्रावणात या म्हनावं. मंग मोजा मेंढरं. पाव्हणा गावाला गेला आन् तुमी त्येच्या दाराचं कुलूप बघून लिवलं, हितं कुणी ऱ्हात नाय. असं असतं का, बाई?"

असंच असतं, हे मला ठाऊक होतं. अहवाल एका ऋतूचा चालतो, पावसाळा सोडून कुठलाही. तसा नियमच होता. त्यात दुष्काळ. दुष्काळात बघितलेली जमीन ही त्या जमिनीची कायमची जात म्हणून कागदावर चढली होती. हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. "सुनावणीत बोला हे," एवढंच म्हणाले.

"कव्हा हाय?"

"माघात."

"माघात बी आमी गंगथडीलाच." त्यांनी मांडीवरची काठी उभी केली. "मंग मी येकलाच यीन."

पुढचे तीन दिवस ते रोज आले. एस.टी. स्टँडवरून चालत. सगळा सारांश पाठ होईपर्यंत. या तीन दिवसांत त्यांनी आमच्याकडं पाण्याचा एक घोट घेतला नाही. रफिकभाई ग्लास पुढं करायचे, आबा हात जोडायचे. "तुमच्या नळाला आठ दिसांनी येतंय म्हनं. ऱ्हाऊ द्या तुमाला." गावाकडून आणलेल्या चपट्या चामडी पिशवीतलं पाणी ते झाकण उघडून मोजून दोन घोट प्यायचे. रफिकभाई मागाहून मला म्हणाले, "बाई, ये आदमी हमारे ऊपर तरस खा रहा. हमारे ऊपर!"

त्या तीन दिवसांतलीच एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मी आणि रफिकभाई यांचं खिडकीवरून जुनं भांडण होतं. त्यांना ती उघडी हवी, मला बंद. त्या दिवशी ते इतकं पेटलं की आबांचं वाचन थांबलं. आबा म्हणाले, "मी बोलू का?" आम्ही दोघं त्यांच्याकडं वळलो. आबा भिंतीला टेकूनच बोलायला लागले. "उकडतंय लई. सकाळधरनं दारात बसायचं, येणाराजाणाराला उठून सलाम करायचा. अंगातनं पाणी जातंय. पंखा बाईच्या अंगाला, माझ्याकडं त्येची हवा येत नाय. खिडकी येवढीच माझी. ती बी लावली तर मी जायाचं कुठं?"

रफिकभाईंचा चेहरा फुलला. "हौ! सुनो बाई, बुजुर्ग आदमी बोल रहा."

आबा थांबले, मुंडासं नीट केलं आणि त्याच आवाजात पुढं म्हणाले, "धूळ येती लई. दिसभर लिवायचं, कागदावर माती बसती. रातच्याला खोकला. सायेब कागूद बघून मला बोलतो, रफिकला बोलत नाय. मी काय हौसंनं खिडकी लावते का?"

आता माझा चेहरा फुलला. मग आबांनी निवाडा दिला. दुपारपर्यंत उघडी, वारा सुटला की बंद. भांडण मिटलं आणि माझ्या निवृत्तीपर्यंत मिटलेलंच राहिलं.

मी विचारलं, "आबा, तुम्ही आधी त्यांची बाजू का घेतली?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. वाडा म्हणजे मेंढरं घेऊन निघालेली पाच-दहा बिऱ्हाडं. उद्या कुठं हलायचं हे दिवस मावळताना सगळ्यांनी बसून ठरवायचं. चुकलं तर मेंढरं मरतात, म्हणून प्रत्येकानं बोलायचं. पण ज्याला विरोध करायचा त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं म्हणायचं. जणू आपलंच आहे असं, त्यातलं काही न चोरता. ते नीट म्हणता आलं तरच त्याला स्वतःचं बोलायचा हक्क. "दुसऱ्याचं ज्याला बोलता येत नाय त्येनं ऐकलंच नाय. मंग त्येचं आमी कामून ऐकायचं?" आणि शेवटी वाड्याचा म्होरक्या निर्णय सांगायचा. ज्याचं मानलं नाही त्याच्या चुलीपाशी जाऊन सांगायचं, तुझं का मानलं नाही. त्याशिवाय म्होरक्यानं जेवायचं नाही.

"तुमच्यात बी असंच असंल की," आबा म्हणाले. "सुनावणी म्हंजी त्येच."

मी मान डोलावली. माझ्या हातून झालेल्या चुकांची मी नीट यादी केली तर ती मान डोलावणं पहिलं येईल.

माघात चिंचदऱ्याच्या शाळेपुढं मांडव पडला. कंपनीनं पुरीभाजीची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या. ज्या गावाला चार दिवसांनी टँकर येत होता तिथं बाटल्यांचे खोके रचून ठेवलेले होते. अर्ध्या गावानं त्या दिवशी बाटल्याच घरी नेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. व्यासपीठावर अध्यक्ष, आमचे साहेब, कंपनीची माणसं. बाजूला मी. समोर व्हिडिओवाला. बोलणारे फार म्हणून अध्यक्षांनी ठरवलं, प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर पितळी घंटा होती.

काही शेतकरी बोलले, काहींनी शिव्या दिल्या, एका पुढाऱ्यानं आपल्या पुतण्याला ठेका मिळेल अशा बेतानं विरोध केला. मग नाव पुकारलं, खंडू लक्ष्मण वाघमोडे. आबा गंगथडीहून तीन गाड्या बदलून आले होते. वाडा तिकडंच होता, मेंढरं सुनेच्या हवाली. मांडवात मेंढरावाला म्हणून ते एकटे. वहाणा खाली काढून ते वर चढले आणि माईक दोन्ही हातांत धरला.

"लाईट पायजे," ते म्हणाले. "लाईट नाय तर मोटर नाय, मोटर नाय तर पाणी नाय. शहर वाढायलंय. तिथं कारखान्यात आपलीच पोरं हायेत. लाईट गेली का कारखाना बंद, आन् पोरं घरला. हितं काय हाय? तीन वर्सं झाली, गवताची काडी नाय. तळं ठाक कोरडं. आशा जमिनीवर कुणी काय बांधलं तर कुणाचं काय जातंय? पोरांला काम लागंल. रस्ता व्हईल, दवाखाना व्हईल. मेंढरं काय, आज हायेत, उद्या नायत. मेंढरामागं किती पिढ्या पळायचं?"

इतकं चांगलं कंपनीच्या माणसालाही बोलता आलं नव्हतं. त्यांनी काहीही चोरलं नाही. अहवालातला मुद्दा न् मुद्दा घेतला, सावकाश, जागा सोडून सोडून. कंपनीची माणसं आधी चपापली, मग टाळ्या वाजवायला लागली. गावातले शेतकरी माना खाली घालून बसले. आबा थांबले, मुंडासं नीट केलं.

आणि घंटा वाजली.

माईकवाल्यानं माईक घेतला. आबा म्हणाले, "थांब की. आता माझं ऱ्हायलंय." माईक त्यांच्या तोंडापासून दूर गेला होता, आवाज मांडवाच्या पहिल्या रांगेपर्यंतही गेला नसेल. "आबा, वेळ संपली, या." कर्ण्यावर पुढचं नाव पुकारलं गेलं.

मी दहा हातांवर होते. सरकारच्या बाजूला बसलेल्या माणसांत ते काय चाललंय हे मला एकटीला कळत होतं. उठून अध्यक्षांना चार शब्द सांगायला काय लागलं असतं? पण लघुलेखिका लिहिते, बोलत नाही, ही शिस्त माझ्या अंगात मुरलेली. मी वहीत एक आडवी रेघ मारली आणि पुढचं नाव लिहिलं.

सुनावणी संपल्यावर आबा माझ्याकडं आले. "बाई, लिवलं का?"

"लिवलं, आबा."

"अर्धंच झालं. पर असूं द्या. अर्धं बघून दिल्लीवाले इचारतीलच, ह्येचं बाकीचं कुठंय म्हून."

मला वाटलं होतं ते चिडले असतील. ते खरोखरच निर्धास्त होते. संध्याकाळच्या गाडीनं वाड्याकडं गेले.

इतिवृत्तात रकाने असतात. नाव, मुद्दा, कंपनीचं उत्तर. साहेबांनी आबांच्या नावापुढं लिहायला सांगितलं, "मेंढपाळ समाजाच्या ज्येष्ठ प्रतिनिधींनी प्रकल्पाचे स्वागत केले." मी टाईप करता करता थांबले. म्हणाले, "साहेब, त्यांचं बोलणं पुरं झालं नव्हतं. त्यांच्यात आधी दुसऱ्याचं सांगायची पद्धत आहे." साहेब वाईट नव्हते. मधुमेह होता, बदलीची वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "बाई, व्हिडिओ आहे. जे बोलले ते लिहा. न बोललेलं लिहायची आपल्यात पद्धत नाही."

मला ते पटलं. हीच खरी लाज. पुढं कित्येक वर्षं मी साहेबांना दोष देत राहिले, पण त्या दुपारी मला ते पटलं होतं आणि मी ते वाक्य एकही चूक न करता टाईप केलं.

दिल्लीहून मंजुरी आली तेव्हा पावसाळा लागला होता, आणि त्या वर्षी तो चांगला लागला होता. आबा आले. ओलं घोंगडं दारात झटकून आत. "तळं भरलं," पहिलं वाक्य. मग, "काय म्हनत्यात दिल्लीवाले?"

मी पत्र वाचून दाखवलं. इंग्रजीतून मराठीत करत. अटी, शर्ती, आणि मधे ते वाक्य. स्थानिक मेंढपाळांनी प्रकल्पाचं स्वागत केलं असल्याचं समितीच्या निदर्शनास आलं आहे. या वेळी त्यांनी तीनदा वाचायला लावलं नाही.

"ह्ये मी म्हनलो व्हतो," ते शेवटी म्हणाले. "पर ह्ये त्येंचं व्हतं." मग घोंगडं आवरत, "कुणी इचारलं नाय व्हय, बाकीचं कुठंय म्हून?"

"नाही, आबा."

"चुलीपशी बी कुणी आलं नाय सांगायला."

रफिकभाई त्या दिवशी दारातून उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

गावानं त्यांचं काय केलं ते मला नंतर कळलं. त्यांच्या वाड्यातल्या लोकांना काही सांगावं लागलं नाही, त्यांना पद्धत ठाऊक होती. पण शेतकऱ्यांच्या आळीत बोभाटा झाला की म्हाताऱ्यानं कंपनीचं खाल्लं. व्हिडिओ मोबाईलवर फिरत होता, फक्त लाईट पायजे ते मेंढरामागं किती पिढ्या पळायचं इथपर्यंत. पुढं टाळ्या. पारावर आबा आले की लोक म्हणायचे, "आलं बघा लाईटवालं." ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्याचा शब्द चोरला नाही, त्याला गाव चोर म्हणालं. आणि त्याचं म्हणणं चोरलं कुणी, तर आम्ही. मी.

आबांनी भांडण केलं नाही. ते दर सोमवारी कार्यालयात यायला लागले. "माझं अर्धं ऱ्हायलंय, त्ये लिवून घ्या." मी अर्ज लिहून दिला. विषय: राहिलेले अर्धे म्हणणे नोंदवून घेणेबाबत. अंगठा, आवक शिक्का, क्रमांक. शिक्का बसला की आबा तो निळा गोल बोटानं हलकेच दाबून बघत, ओला आहे का. दोन महिन्यांनी उत्तर गेलं, आणि ते घेऊन आबा इतक्या आनंदात आले की मला बघवेना. सरकारनं आपल्याला उत्तर दिलं, एवढंच त्यांना कळलं होतं.

मी वाचलं. "आपला अर्ज नस्तीबद्ध करण्यात येत आहे."

"म्हंजी?"

रफिकभाई म्हणाले, "आबा, फाईल में लगा दिया. अलमारी में है."

"टाकून तर दिला नाय ना?"

"नै नै, टाकते नहीं. रखते."

"मंग चालंल," आबा म्हणाले. "हाय ना, मंग निघंल कव्हा ना कव्हा."

असे किती अर्ज झाले! सगळ्यांचा विषय एकच, सगळ्यांचं उत्तर एकच. मधल्या काळात गायरानाला तारेचं कुंपण पडलं. चिमण्या उभ्या राहिल्या. तळ्याच्या जागी राखेचं तळं झालं, करड्या चिखलाचं, त्याच्या काठावर टिटवीसुद्धा बसत नाही. मेंढरं चारायची कुठं? वाडे एकेक करून मोडले. लोक शहराकडं आले, ज्या वसाहतींना वीज हवी होती त्यांच्याच बांधकामांवर विटा वाहायला लागले. आबांच्या सुनेनं मेंढरं विकली. आबा देवगाव रंगारीला लेकीकडं राहायला गेले. सोमवारचं येणं महिन्यावर गेलं, मग थांबलं. घोंगडं मात्र शेवटच्या खेपेलाही खांद्यावर होतं, उन्हाळ्यातसुद्धा.

ते गेल्याचं मला रफिकभाईंनी सांगितलं, माझ्या निवृत्तीनंतर. मला ते शेवटचे दिसले कन्नडला. प्रकल्पाची राख मावत नव्हती म्हणून राखेचं तळं वाढवायचं होतं, आणि त्याची सुनावणी तिथल्या एका मंगल कार्यालयात ठेवली होती. साहेब नवे, अध्यक्ष नवे, कंपनीची माणसं नवी, घंटा जुनीच. दाराशी मला वहाणांची करकर ऐकू आली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, पाठ वाकलेली, काठी आता खरोखरच आधाराला.

मी त्यांना बाजूला घेतलं. "आबा, या वेळी आधी तुमचं बोला. त्यांचं नंतर. तीनच मिनिटं आहेत."

"त्येंचं मागंच बोलून झालंय की," ते म्हणाले. "आता माझंच ऱ्हायलंय."

नाव पुकारल्यावर ते वर गेले. माईक दोन्ही हातांत धरला, मुंडासं नीट केलं. आणि जिथं घंटा वाजली होती तिथून पुढं सुरू केलं.

"आता माझं. फाल्गुनात आमी नसतो. श्रावणात या. तळ्याला पाणी हाय. वरल्या अंगाला पवना गवत उगवतं, मेंढीला दूध येतं त्येनं. आमच्या आठ वाड्यांची मेंढरं तिथं पाणी पित्यात. गुरं बी पित्यात, शेतकऱ्याची. दुष्काळ आज हाय, उद्या जाईल, जमीन ऱ्हाईल. तळं वापरात हाय. आमी हाओत. आमी गावाला गेलोय, मेलो नाय. म्हून माझं म्हननं असं, गायरान देऊ नगा. दुसरी जागा बघा. आन् नाय मानलं तर कामून नाय मानलं, त्ये येऊन सांगा."

सगळं वर्तमानात. तळ्याला पाणी हाय. मागच्या रांगेत लोक हसायला लागले. चिंचदऱ्याचं एक तरणं पोरगं ओरडलं, "आबा, तळं कव्हाचं बुजलं!" कंपनीचा नवा अधिकारी शेजारच्याला डोक्याकडं बोट नेऊन खुणेनं काहीतरी विचारत होता. आबांचं लक्ष नव्हतं. एक शब्द अडखळला नाही. घंटेच्या आधी त्यांनी संपवलं. "झालं माझं," म्हणाले आणि माईक आपण होऊन माईकवाल्याच्या हातात दिला.

नवे साहेब माझ्याकडं झुकले. "बाई, हे घेऊ नका. विषयाबाहेरचं आहे. आज फक्त विस्तार."

मी लिहिलेलं होतं सगळं, अक्षर न् अक्षर. त्या पानावर मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली.

दुपारी आमची जीप स्टँडवरून निघाली तर देवगावची गाडी लागलेली होती. मी ड्रायव्हरला थांबवलं. आबा खिडकीपाशी बसले होते, काठी दोन पायांत उभी. चेहरा इतका मोकळा मी पूर्वी एकदाच पाहिला होता, तळं भरल्याचं सांगताना. मी खिडकीखाली गेले. विचारलं, "आबा, आजच्या राखेबद्दल काहीच बोलला नाहीत?"

"मागलं पुरं झाल्याबिगर म्होरलं कसं बोलायचं? आता झालं पुरं. आता म्होरच्या टायमाला राखंचं बोलू."

गाडी हलली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, एक तळवा पसरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर लिहिल्यासारखं केलं. भुवया वर, डोळ्यांत तोच प्रश्न.

मी होय म्हणून मान हलवली.